संघ सोडणारा खेळाडू गद्दार नव्हे

शेतमालाचे भाव, कामगार कायदे, पाटबंधारे, शिक्षणाचे खाजगीकरण हे या पानाचे नेहमीचे विषय. तेथे एका फुटबॉल संघातील खेळाडूंच्या येण्याजाण्याविषयी कोणी लिहू लागला, तर काही ज्येष्ठ वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. 'लोकांपुढे प्रश्न कोणते आणि हा काय घेऊन बसला आहे!' असेही कोणी म्हणेल. ती आठी मी समजू शकतो. पण गेली दोन वर्षे ज्या प्रश्नाने मला अस्वस्थ केले आहे, तो जितका खेळाचा तितकाच श्रमाचा आणि मालकीचा आहे. म्हणून हे धारिष्ट.

मी मुंबई सिटी या संघाचा चाहता आहे. अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलातील बाकांवर बसून, घसा कोरडा पडेपर्यंत ओरडणाऱ्यांपैकी एक. ४ मे २०२४ च्या रात्री कलकत्त्याच्या सॉल्ट लेक मैदानावर या संघाने मोहन बागानला ३-१ असे हरवून इंडियन सुपर लीगचा करंडक जिंकला. त्याच मैदानावर, त्याच प्रतिस्पर्ध्याकडून तीनच आठवड्यांपूर्वी, १५ एप्रिलला, आपण हरलो होतो आणि साखळीतले पहिले स्थान एका गुणाने गमावले होते. त्यांचे ४८, आपले ४७. त्या हरण्याचे उट्टे काढणारा असा विजय चाहत्याच्या आयुष्यात वारंवार येत नाही. त्या संघाचा कर्णधार होता राहुल भेके, आपल्या मुंबईचा मुलगा.

आणि मग हंगाम संपला. दोन हंगामांच्या मधल्या काळात मैदानावर गवत वाढते आणि कार्यालयांत करार होतात. त्या काही आठवड्यांत हा विजयी संघ आपल्या डोळ्यांदेखत विखुरला. कर्णधार भेके बंगळूरला गेला. मधल्या फळीत खेळाची सूत्रे हलविणारा स्पॅनिश आल्बेर्तो नोगेरा बंगळूरला गेला. अंतिम सामन्यात बरोबरीचा गोल करणारा अर्जेंटिनाचा पेरेरा डियास, तोही बंगळूरलाच. आणि मिझोरामचा अपुइया, ज्याच्या पायांत मधल्या फळीचा सारा तोल होता, तो थेट मोहन बागानकडे, म्हणजे ज्यांना आपण हरविले त्यांच्याच घरी.

पुढच्या हंगामात काय झाले ते चाहत्यांना तोंडपाठ आहे. आपला संघ ३६ गुणांवर सहाव्या स्थानी रखडला. ११ मार्च २०२५ रोजी शेवटच्या साखळी सामन्यात बंगळूरला २-० हरवून कशीबशी बाद फेरी गाठली, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला त्याच बंगळूरने आपला ५-० असा धुव्वा उडविला. त्या पाचांतील एक गोल पेरेरा डियासचा होता. १२ एप्रिलला अंतिम सामना झाला तो मोहन बागान आणि बंगळूर यांच्यात. आपले चार मोहरे ज्या दोन संघांनी नेले, नेमके तेच दोघे. दैव इतका नेमका विनोद क्वचितच करते.

बाकावरचा शब्द

या काळात अंधेरीच्या बाकांवर एक शब्द फार वेळा कानी आला : गद्दार. महाराष्ट्राच्या राजकारणाने २०२२ पासून या शब्दाला इतकी धार लावली आहे की तो आता कोणाच्याही पाठीवर सहज चालविता येतो. भेके गद्दार, अपुइया त्याहून मोठा गद्दार. 'पैशासाठी विकले गेले, भाडोत्री लेकाचे!' एरवी अत्यंत समंजस असणारे, स्वतः कोठे बँकेत, कोठे कारखान्यात नोकरी करणारे लोक हे बोलत होते. माझ्या शेजारी बसणारा एक तरुण तर कर्णधाराच्या नावाचा सदरा पुन्हा अंगात घालणार नाही, अशी शपथ घेऊन बसला. मी त्याला विचारले, ''बाबा, तू गेल्या वर्षी नोकरी बदललीस ना?'' तो म्हणाला, ''काका, ती गोष्ट वेगळी. तिथे पगार जास्त मिळत होता.''

ती गोष्ट वेगळी का, हे तो मला सांगू शकला नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर मलाही सहजासहजी उत्तर सुचले नाही, कारण मनातून मीही दुखावलो होतोच. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाविरुद्ध भेकेने डोक्याने मारलेल्या गोलाने आपण २-१ जिंकलो होतो. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय संघाने मिळविलेला तो पहिला विजय. तो गोल करणारा माणूस आपल्याला सोडून जातो, तेव्हा पोटात तुटतेच. पण पोटात तुटणे ही एक गोष्ट आणि त्यासाठी दुसऱ्याला गद्दार ठरविणे ही दुसरी. या दोहोंतले अंतर ओळखणे हेच विचारी माणसाचे काम आहे.

शिवाय आमदार जेव्हा पक्ष सोडतो, तेव्हा तो मतदारांनी दिलेला कौल बरोबर घेऊन जातो. मतदाराला कोणी विचारत नाही. खेळाडू मात्र ठरलेल्या मुदतीत, उघडपणे, करार संपल्यावर किंवा करारात आधीच लिहिलेली किंमत दुसऱ्या संघाने मोजल्यावर जातो. तो घेऊन जातो ते केवळ स्वतःचे पाय. दोघांना एकच विशेषण लावणे हा खेळाडूवर अन्याय आहे आणि आमदारावर नको तितका उपकार!

मामांचे ना-हरकत पत्र

माझे मामा गिरणगावात राहत. सत्तरीच्या दशकात ते एका गिरणीच्या संघातून फुटबॉल खेळत; सकाळी साचेखात्यात काम, दुपारनंतर सराव. कामात थोडी सवलत, सामन्याच्या दिवशी भरपगारी रजा आणि वर्षाकाठी एक बुटांचा जोड. त्या काळी मुंबईचे फुटबॉल असेच चाले. गिरण्या, रेल्वे, बँका, बंदर, तेल कंपन्या, टाटा, महिंद्र, एअर इंडिया अशा संस्थांचे संघ कूपरेजवर हार्वुड लीगमध्ये उतरत, आणि १८९१ पासून चालत आलेल्या रोव्हर्स कपासाठी देशभरातले संघ मुंबईस येत. धोबी तलावच्या कुडांतून राहणारे गोवेकर दर्दी आणि परळ-लालबागचे कामगार कूपरेजच्या एकाच बाकावर बसत. त्या दिवसांविषयी आज फार हळवेपणाने बोलले जाते. 'त्या वेळी निष्ठा होती, खेळाडू आयुष्यभर एकाच संघातून खेळत' असे सांगितले जाते.

मामाही एकाच संघातून खेळले. पण त्याचे कारण निष्ठा नव्हते. एका बँकेच्या संघाने त्यांना बोलाविले होते. बँकेतली कायम नोकरी, बसून काम, निवृत्तिवेतन! गिरणी कामगाराच्या दृष्टीने तो वर्गबदलच होता. परंतु नियमानुसार जुन्या संघाचे ना-हरकत पत्र लागे, आणि गिरणीच्या व्यवस्थापकांनी ते दिले नाही. कारणही दिले नाही. मामा वर्षभर न खेळता साच्यावर उभे राहिले आणि पुढच्या वर्षी निमूटपणे त्याच संघात परतले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. त्या वावटळीत गिरणी गेली, नोकरी गेली आणि संघही गेला. ज्या संघाने त्यांना सोडले नव्हते, त्याने त्यांना शेवटी असे सोडले.

म्हणून 'पूर्वीची निष्ठा' हा शब्द ऐकला की मला ते न मिळालेले पत्र आठवते. जे सोडून जाण्याची मुभाच नाही, तेथे टिकून राहणे याला निष्ठा म्हणत नाहीत. वेठीला धरलेल्या माणसाच्या हजेरीचे कौतुक मालकाने करावे. आपण करू नये.

मोकळीक कोणी मिळवून दिली

खेळाडूला आज जी मोकळीक आहे, ती कोणा मालकाने उदारपणे बहाल केलेली नाही. इंग्लंडमध्ये १९०७ साली खेळाडूंची संघटना पुन्हा उभी राहिली, ती वेतनावरील कमाल मर्यादेविरुद्ध आणि संघाने खेळाडूला धरून ठेवण्याच्या पद्धतीविरुद्ध. त्या पद्धतीत करार संपला तरी संघ खेळाडूची नोंदणी आपल्याकडे ठेवू शके. वेतन बंद, पण सुटका नाही. आठवड्याला वीस पौंडांहून अधिक वेतन कोणालाही देता येणार नाही, हा नियम १९६१ पर्यंत होता. जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंनी संपाची नोटीस दिली, तेव्हा तो हटला. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूला न्यूकॅसलने सोडण्यास नकार दिला, तेव्हा तो न्यायालयात गेला. १९६३ साली न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी खेळाडूला असे धरून ठेवणे हा त्याच्या व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी निर्बंध आहे, असा निवाडा दिला.

त्यानंतरही तीस वर्षे लढा चालू राहिला. बेल्जियमचा जाँ-मार्क बोस्मन हा काही मोठा खेळाडू नव्हता. १९९० साली त्याचा लिएज संघाशी असलेला करार संपला. फ्रान्समधील डंकर्कचा संघ त्याला घ्यावयास तयार होता. परंतु लिएजने सोडण्याची किंमत मागितली आणि व्यवहार फिसकटला. बोस्मनने पाच वर्षे खटला लढविला. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की करार संपल्यावर खेळाडू मोकळा आहे, त्याच्यासाठी मोबदला मागता येणार नाही. या निकालाचा लाभ घेऊन पुढे अनेक खेळाडू कोट्यधीश झाले. स्वतः बोस्मनच्या वाट्याला मात्र हलाखी आली. चळवळींच्या इतिहासात हे काही नवीन नाही. पीक नेहमी पुढच्या पिढीच्या घरात जाते.

तेव्हा करार संपल्यावर पेरेरा डियास बंगळूरला गेला, याचा अर्थ एवढाच की ज्या हक्कासाठी कामगार म्हणून खेळाडू नव्वद वर्षे झगडले, तो हक्क त्याने वापरला. आपण कारखान्याच्या दारावर एक घोषणा द्यावयाची आणि मैदानाच्या बाकावर तिच्या नेमकी उलट, हे शोभत नाही. खेळाडूचे आयुष्य तर दहा-बारा वर्षांचे. गुडघा गेला की संपले. भेकेने तिशी ओलांडल्यावर नवा करार स्वीकारला. त्याच्या जागी माझा धाकटा भाऊ असता, तर मी त्याला वेगळा सल्ला दिला असता काय?

चुकले कोठे

याचा अर्थ त्या उन्हाळ्यात जे घडले ते सर्व योग्य होते, असा नाही. माझी तक्रार आहेच. फक्त ती योग्य पत्त्यावर पाठविली पाहिजे. खेळाडू जाणार, हे संघ चालविणाऱ्यांनी गृहीत धरावयास हवे होते. बचावफळीचा कणा, मधल्या फळीचा मेंदू आणि आघाडीचे टोक हे तिन्ही एकाच वेळी मोकळे होतील अशा रीतीने करारांच्या मुदती बांधणे, हे खेळाडूचे पाप नव्हे. त्यांच्या जागी आलेले लोक वाईट नव्हते. डच व्हान निफ मेहनती होता, ग्रीसचा कारेलिस गोल करीत होता. मडगावचा ब्रँडन फर्नांडिस गोव्याच्या संघातून मुंबईस आला, तेव्हा कूपरेजवरचे जुने गोवेकर आठवून मला व्यक्तिशः आनंदच झाला. पण संघ म्हणजे नावांची यादी नव्हे. शेजारचा गडी डोळे मिटूनही कोठे असेल हे ज्ञान वर्षानुवर्षे एकत्र खेळून येते, आणि ते विकत मिळत नाही.

आणखी एक गोष्ट. 'मुंबई सिटी' या नावात मुंबई आहे. संघात मुंबई किती होती? भेके गेल्यावर या महानगराने घडविलेले किती जण उरले, ते हाताच्या बोटांवर मोजता येत होते. मिझोरामची लोकसंख्या मुंबईच्या एखाद्या उपनगराएवढी. पण तेथे २०१२ पासून राज्याची स्वतःची साखळी स्पर्धा चालते, गावोगावी मुले खेळतात, आणि म्हणून अपुइया, छांगटे यांच्यासारखे खेळाडू देशाला मिळतात.

येथे २०१७ सालची एक हकिगत सांगण्यासारखी आहे. मुंबई एफसी नावाचा आपल्या शहराचा आणखी एक संघ त्या वेळी आय-लीगमध्ये होता. खालिद जमील हे त्याचे अनेक वर्षांचे प्रशिक्षक. २०१६ मध्ये त्यांना जावे लागले. ते आयझॉलला गेले. तो संघ आधीच्या हंगामात खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तीन संघांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली होती. पुढच्या एप्रिलमध्ये आयझॉल देशाचा विजेता झाला, आणि त्याच हंगामात मुंबई एफसी तळाशी जाऊन बाहेर पडली आणि पुढे तिचा वरिष्ठ संघच बंद झाला. ज्याला मुंबईने नारळ दिला, तेच जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. त्याआधी २०१० मध्ये महिंद्र युनायटेड हा २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता संघ मालकांच्या एका निर्णयाने विसर्जित झाला होता. खेळाडू संघ सोडतो तेव्हा आपण आरडाओरडा करतो. मालक संघच सोडून जातो, तेव्हा त्याला मात्र 'व्यावसायिक निर्णय' म्हणतात. गद्दार हा शब्द तेथे कोणी वापरल्याचे मला आठवत नाही.

मालक गेले

हे केवळ जुने दाखले नाहीत. २०२५ चा उन्हाळा पाहा. हंगाम संपला, करार सुरू झाले. २०२१ आणि २०२४ या दोन्ही अंतिम सामन्यांत आपल्यासाठी गोल करणारा मणिपूरचा बिपिन सिंग ईस्ट बंगालला गेला, बचावपटू मेहताब सिंग पुढे मोहन बागानला गेला. चाहत्यांची पुन्हा तीच चर्चा, तोच शब्द. आणि तेवढ्यात ११ जुलैला स्पर्धा चालविणाऱ्या कंपनीने संघांना कळविले की पुढचा हंगामच स्थगित आहे. कारण काय? फुटबॉल महासंघाने २०१० साली देशाच्या फुटबॉलचे व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी, ७०० कोटी रुपयांना, खाजगी हाती सोपविले होते. त्या कराराची मुदत ८ डिसेंबर २०२५ रोजी संपत होती आणि पुढे काय, याचा पत्ता कोणालाच नव्हता. म्हणजे भेके-बिपिन यांचे करार संपण्याची चिंता आपण वाहत होतो, आणि ज्या एका करारावर सारा डोलारा उभा होता त्याची मुदत संपते आहे, याकडे आपले लक्षच नव्हते.

ज्या बंगळूरने आपले तिघे नेले, त्याच संघाने ऑगस्टमध्ये खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबविल्याचे जाहीर केले. महासंघाने हक्कांसाठी निविदा काढली, तर नोव्हेंबरमध्ये मुदत संपेपर्यंत एकही बोली आली नाही. २०१९ पासून मुंबई सिटीचे ६५ टक्के भाग ज्याच्याकडे होते, तो सिटी फुटबॉल ग्रुप, म्हणजे मँचेस्टर सिटीसह जगभर संघ बाळगणारा, अबूधाबीच्या पैशावर उभा असलेला समूह, डिसेंबर २०२५ मध्ये आपले भाग सोडून निघून गेला. संघ पुन्हा मूळ मालकांकडे आला. जानेवारी २०२६ च्या आरंभी देशातल्या अव्वल खेळाडूंवर जागतिक संघटनेकडे हात जोडण्याची पाळी आली. अखेर ६ जानेवारीला केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केले की १४ संघांचा, प्रत्येकाशी एकदाच, असा ९१ सामन्यांचा तोकडा हंगाम १४ फेब्रुवारीपासून होईल.

सात महिने ज्याला मैदान नाही आणि पगाराची शाश्वती नाही, त्या खेळाडूकडे 'निष्ठा' मागण्याचा अधिकार कोणाला उरतो? मामांच्या काळी खेळाडूला कायम नोकरी होती, पण जाण्याची मोकळीक नव्हती. आज मोकळीक आहे, पण उद्याचा भरवसा नाही. मालकाच्या दृष्टीने या दोन्ही व्यवस्था सोयीच्याच. कामगाराला मात्र नेहमी सांगितले जाते की दोन्हींपैकी एकच मागा. आपण दोन्ही मागितल्या पाहिजेत. भाईचुंग भुतिया यांच्या पुढाकाराने २००६ मध्ये खेळाडूंची संघटना स्थापन झाली आहे. चाहत्यांच्या गटांनी तिच्याशी संबंध जोडावा, तिच्या मागण्या बाकांवरून पुकाराव्यात. खेळाडूला शिव्या देण्यापेक्षा हे अधिक पुरुषार्थाचे आहे.

संघ कोणाचा?

शेवटी प्रश्न उरतो तो हा : संघ कोणाचा? जर्मनीत १९९८ मध्ये संघांना कंपनीचे रूप घेण्याची परवानगी मिळाली, पण अट अशी की मताधिकाराचे बहुमत सभासदांकडेच राहिले पाहिजे. काही अपवाद सोडले तर ती अट आजही पाळली जाते. आपल्याकडे १८८९ चा मोहन बागान आणि १९२० चा ईस्ट बंगाल हे सभासदांचे क्लब. २०२० मध्ये दोघांनीही फुटबॉलचा संघ कंपन्यांच्या सहभागाने चालवावयास घेतला. मोहन बागानच्या नावामागे तेव्हा कंपनीच्या जुन्या संघाची तीन अक्षरे चिकटविण्यात आली. चाहत्यांनी तीन वर्षे आंदोलन केले, सामन्यांवर बहिष्कार घातला, भिंती रंगविल्या. मार्च २०२३ मध्ये संघाने करंडक जिंकला त्याच रात्री मालकांना ती अक्षरे काढल्याचे जाहीर करावे लागले. नाव संपूर्ण मोकळे झाले नाही हे खरे. पण संघटित चाहते मालकाला वाकवू शकतात, एवढे तरी सिद्ध झाले.

आपल्या हाती तर याहून मोठे साधन आहे. अंधेरीचे क्रीडा संकुल मुंबई महापालिकेचे आहे, म्हणजे करदात्यांचे आहे. संघाला नाव शहराचे, मैदान शहराचे, प्रेक्षक शहराचे. मग शहराच्या अटी का नसाव्यात? मैदान देताना महापालिकेने तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. पहिली, महापालिकेच्या शाळांतील मुलामुलींसाठी संघाने कायमस्वरूपी प्रशिक्षण केंद्रे चालवावीत आणि त्यांचा वार्षिक हिशेब प्रसिद्ध करावा. दुसरी, संघाच्या संचालक मंडळावर चाहत्यांनी निवडून दिलेला एक तरी प्रतिनिधी असावा. तिसरी, हंगाम सुरू होण्याआधी खेळाडूंच्या आणि कर्मचाऱ्यांच्या वर्षभराच्या वेतनाची रक्कम हमी म्हणून बाजूला ठेवली जावी. मालक निघून गेला, तरी मैदानावर पाणी मारणाऱ्या माणसाचा पगार निघून जाता कामा नये.

या अटी घातल्या तर कोणी मालक पुढे येणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. फुटबॉलमध्ये आज आपल्याकडे नफा नाही, तोटाच आहे. पण अटी नसतानाही मालक आले आणि गेले, हा मुंबईचा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. जो कोणत्याही अटीशिवाय येतो, तो कोणत्याही अटीशिवाय जातो. मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक बसला होता, विचारावयाचे कोणाला हाच प्रश्न होता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली आहे. आता प्रत्येक प्रभागात दार ठोठवावयास एक निवडून आलेला माणूस आहे. कार्यकर्त्यांनी पाण्याच्या आणि रस्त्यांच्या अर्जांबरोबर मैदानाचा हा अर्जही घेऊन जावा. पोरांना खेळावयास जागा आणि शिकविणारा माणूस मिळणे, ही चैन नाही.

बाकावरचा तो तरुण मला अधूनमधून भेटतो. कर्णधाराच्या नावाचा सदरा त्याने फेकून दिलेला नाही. कपाटात आहे, असे तो ओशाळून सांगतो. मी त्याला म्हटले, तो बाहेर काढ, इस्त्री कर आणि घाल. त्या माणसाने आपल्यासाठी घाम गाळला, त्याचा मोबदला घेतला आणि करार पुरा करून तो दुसरीकडे कामाला गेला. आपला त्याच्याशी हिशेब चुकता आहे. ज्यांच्याशी चुकता व्हावयाचा आहे, त्यांच्याकडे आपण अजून बिलच पाठविलेले नाही.